उबवणीच्या खोक्याचं झाकण

३ फेब्रुवारी
श्रीगणेशा झाला. थर्माकोलचा खोका, आत बल्ब, थर्मामीटर, वाटीभर पाणी आणि डझनभर अंडी. अंडी गल्लीच्या टोकाच्या टेलरकडून आणली. त्याची एक कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली आहे, तिच्याखालीच ठेवू म्हणत होता. मी विचारलं, कोंबडीला थर्मामीटर वाचता येतो का? त्याने अंडी मोजून दिली.
बिस्किटांच्या कारखान्यात मी उभा जन्म क्वालिटी कंट्रोलमध्ये काढला. बंद खोक्यावर विश्वास ठेवायचा नाही, उघडून बघायचं, हे आपलं तत्त्व.
हिला फोन केला. दिवाणखान्यात पिल्लं निघणार, तीन आठवड्यांनी बघायला ये म्हटलं. हिच्या माहेरी कोंबड्या होत्या. 'बघू' म्हणाली. म्हणजे येणार. आली की राहीलच. हवापालटासाठी मुलीकडे जाऊन दोन महिने झाले, आणखी किती हवा पालटायची!

५ फेब्रुवारी
अंडी फिरवायला दिवसातून तीनदा झाकण उघडायचं, बस्स. संकल्प: तीनदाच.
संध्याकाळ. थोडं जास्त झालं. पण बऱ्याचदा नुसती फट केली होती. फट धरायची नाही.

१० फेब्रुवारी
अंड्यांमागे टॉर्च धरून पाहिलं. आत लाल शिरा! एकात मात्र काही दिसेना. रिजेक्ट. खात्रीसाठी फोडलं. त्यातही शिरा होत्या, आणि मध्ये एक ठिपका हलत होता.
सॅम्पल तपासायचं म्हणजे एवढा तोटा धरावाच लागतो.
जेवलो नाही. पोट बिघडलं असावं.

१४ फेब्रुवारी
फोन मुलीने उचलला. आई शिवणाच्या क्लासला गेली आहे म्हणाली. हवापालटाला गेलेल्या माणसाने क्लास कशाला लावायचा? तरी मी मोठ्या मनाने कापड कसं बेतावं ते सांगायला घेतलं. मध्येच फोन कट. तिकडे नेटवर्क फार खराब आहे.
निघताना ही एक वाक्य बोलून गेली होती. "तुमच्यासमोर माझा एक पदार्थ कधी पुरता शिजला नाही. दर दोन मिनिटांनी झाकण काढता." रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं. मी मनावर घेतलेलं नाही.

२१ फेब्रुवारी
टेलर बजावून गेला: आता पिल्लं निघेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. आतली ओल गेली तर पिल्लं कवचातच अडकून मरतात. वर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणून हसला. झाकणाला चिकटपट्टी लावली. आता प्रश्नच मिटला.

२२ फेब्रुवारी
चिकटपट्टी हलक्या प्रतीची निघाली. बदलावी लागली. बदलताना सहज आत नजर गेली.
ही परवा येते आहे! चादरी धुतल्या. तिच्या उशीला नवा अभ्रा घातला.

२४ फेब्रुवारी
ही सकाळच्या गाडीने आली. लहान पिशवी घेऊन. बूटसुद्धा न काढता खोक्याजवळ गेली. एका अंड्याला भोक पडलं होतं, आतून चिवचिव येत होती. ही जमिनीवरच बसली आणि हसली. तिला हसताना पाहून किती दिवस झाले, मला आठवेना. खूप बरं वाटलं.
मी हात पुढे केला तशी म्हणाली, "राहू द्या. त्याचं ते येईल. वेळ लागतो त्याला."
मी बरं म्हटलं. ती आंघोळीला गेली.
पिल्लू दमलेलं वाटत होतं. मी कवचाचा एकच तुकडा काढला. मग आणखी एक. मदत म्हणून. पातळ पापुद्र्यातून रक्त आलं. थोडंच होतं, थांबेल असं वाटलं. पिल्लू तळहातावर घेतलं तेव्हा गरम होतं, मान उचलत होतं. मग उचलेना.
ही ओल्या केसांनी बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. मी म्हटलं, अशक्तच होतं, तसंही जगलं नसतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि मागच्या दाराने अंगणात गेली.

२६ फेब्रुवारी
बाकीची अंडी फुटली नाहीत. टेलर येऊन खोका घेऊन गेला.
ही दुपारी निघाली. माळ्यावरची मोठी बॅग काढून कपाटातलं आपलं सगळं भरलं. चेन अडकत होती. मी लावून देतो म्हटलं.
"नको," ती म्हणाली. "मला येते."
खरंच लावता आली. थोडा वेळ लागला, एवढंच. मी बाजूला उभा राहून बघत होतो.
मोठी बॅग म्हणजे या खेपेला मुक्काम जरा लांबेल. स्वेटरही नेले आहेत. तिकडे थंडी असेल.
उन्हाळा तोंडावर आला आहे. ती परत येणार नाही.