डॉक्टरांना वेळ नाही

१ मार्च
माझ्या दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्च्या बघून दात दुखणारा माणूससुद्धा परत फिरतो. समोरच्या डेंटिस्टकडे लोक भिंतीला टेकून उभे. तो काही माझ्यापेक्षा हुशार नाही. गर्दी दिसते, एवढंच. बायको म्हणते, महिनाभरात पेशंट आले नाहीत तर दवाखाना बंद करा आणि नोकरी बघा. बघूच. उद्यापासून इमेज.

२ मार्च, सकाळी
फोनवर मेव्हणी बसते. तिला बजावलं, कुणालाही लगेच वेळ द्यायची नाही. डॉक्टर पुढच्या आठवड्यापर्यंत बिझी आहेत म्हणायचं. पहिल्याच माणसाने ऐकून फोन ठेवला. वजन पडतंय.

४ मार्च
वेटिंग रूममध्ये सासूबाई, साडू आणि साडूचे मित्र पेशंट म्हणून बसवले. साडू गालाऐवजी पोट धरून बसतो.

५ मार्च
एक खरा पेशंट डोकावला. सासूबाईंनी त्याला सांगितलं, सकाळपासून बसलेय, अजून नंबर नाही. तो समोर गेला. जाऊ दे. चार लोकांना सांगेल तरी.

९ मार्च
काम चाललंय असं वाटावं म्हणून साडूला आत घेऊन कण्हायला सांगितलं. गडी जीव तोडून ओरडला. बाहेर नुकतीच येऊन बसलेली एक खरी पेशंट बाई छत्री विसरून पळाली.

१७ मार्च
नाव झालं! केस कापताना न्हावी म्हणाला, तुमच्याकडे म्हणे नंबरच लागत नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने विचारलं, मग पेशंट कुठे आहेत? तिला ब्रँडिंग कळत नाही.

२६ मार्च
सासऱ्यांची दाढ सुजली. त्यांनी फोन केला. मेव्हणीने सख्ख्या बापालाही पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. शिस्त म्हणजे शिस्त. सासूबाई माझ्याच वेटिंग रूममधून उठल्या आणि त्यांना समोर घेऊन गेल्या. वाईट वाटलं. एक खुर्ची रिकामी झाली.

३१ मार्च, संध्याकाळी
समोरचा डॉक्टर स्वतः आला. फार नम्र माणूस. म्हणाला, "डॉक्टर, तुमच्याकडून परत फिरलेले सगळे माझ्याकडे येतात. मला एकट्याला आवरत नाही. असिस्टंट म्हणून याल का?"
विचार करून सांगतो म्हणालो. माझा विचार व्हायच्या आत बायकोने हो सांगून टाकलं. कोटाला इस्त्रीही झाली.
उद्यापासून जायचं. लोकांना सांगेन, समोर दुसरी ब्रांच काढलीय.
सकाळी पहिली अपॉइंटमेंट सासऱ्यांची. सूज उतरलीय, दाढ काढायचीय. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, मोठ्या डॉक्टरांनीच काढायची, जावयाने नुसतं तोंड धरायचं.