नवरी आधी, देव नंतर

१६ नोव्हेंबर

फ्लोअर रिकामा केला मी काल! घोडबंदर रोडचा क्लब, शनिवार, पब्लिक मस्त नाचत होती — आणि मी आत्याचा आवाज सोडला. खाली हाऊस म्युझिकचा ठेका, वर गोदा आत्या हळदीचे धवले गातेय. एक मुलगी कानात बोटं घालून हसली. मग हळूहळू सगळे बारकडे. मॅनेजर संदेश बूथमध्ये आला. "भाई, लग्न आहे का कुणाचं?" मला बाजूला करून त्याने स्वतःचा पेनड्राइव्ह लावला. मी तिथेच उभा, हेडफोन गळ्यात. गळ्यात हेडफोन असला की माणूस कामात आहे असं वाटतं.

परत येऊ नको असं नाही म्हणाला. फक्त ग्रुपमधून काढलंय.

१७ नोव्हेंबर

कळव्याला दोस्ताकडे, मयूरकडे पडून. काही नाही.

१९ नोव्हेंबर

बाळकुमला घरी जायचं होतं, गेलो मुंब्र्याला. एकजण जुना डीजे मिक्सर विकतोय म्हणालेला. मिक्सर नव्हताच, त्याच्याकडे कबुतरं होती. दुपार कबुतरं बघण्यात गेली.

मयूर म्हणतो क्लब सोड, माझा टेम्पो आहे, स्पीकर आहेत, हळदी मार. पण हळदीत हाऊस लावलं की काकालोक ओरडतात आणि क्लबमध्ये हळद लावली की संदेश. मी नेमका कुठला, हे दोघांनाही कळत नाही. मलाही.

ट्रॅक परत ऐकला. वाईट नाहीये. आत्या आमच्याकडची धवलारीण, धवले गाऊन लग्नं लावणारी. गाते तेव्हा आधी देवांना मांडवात बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना — नावं घेऊन — आणि शेवटी नवरीला. मी उलटं केलं. नवरीची ओळ चढती आहे, ठेका तिथेच उचलतो, म्हणून ती पहिली, लागोपाठ चारदा. मग एक मोकळी जागा, मग ड्रम. देव शेवटी. गेलेल्यांचं कडवं काढूनच टाकलं, लांबत होतं, नाचणारा थांबतो. बाबांचं नाव होतं त्यात. "मारुती, ये रं हलदीला." आत्याचा धाकटा भाऊ तो, पण गाताना तिचा आवाज हलत नाही.

कापलंय मात्र साफ. कुठे जोड दिसत नाही. एवढं एकच काम आयुष्यात नीट जमलंय, आणि ते वाजवायला जागा नाही.

२३ नोव्हेंबर

काळुराम काकाच्या गावात, डोंबिवलीकडे, गावकीची मीटिंग होती. ठराव झाला — हळदीला डीजे बंद. पहिला हात काकाचा! माझ्याकडे बघून म्हणे, हर्षित घरचाच आहे, तरी सांगतो, बंद म्हणजे बंद. पूर्वीसारखी धवलारीण बोलवायची. सुरुवात काकाच्याच मुलीच्या, दर्शनाच्या हळदीपासून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या, सगळे बघत होते म्हणून.

मयूर बाहेर टेम्पोत बसलेला. त्याला सांगितलं. म्हणाला, "चल, भाजी विकू. गवार चालते रे."

म्हणजे क्लब गेला, हळदी गेल्या. उरलं काय? गवार.

२८ नोव्हेंबर

आत्याकडे गेलेलो. मला जेवलास का विचारलं, मी जेवत असताना. परत विचारलं. कल्पिता वहिनी, तिची सून, स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली की असं बरेच दिवस चाललंय. धवले पण तुटतात, मध्येच थांबते, चिडते. आणि दर्शनाच्या हळदीला तर तिलाच बोलावलंय, नाही कसं म्हणणार?

मग वहिनीनेच सांगितलं की मी पाठवलेलं ते ठेक्यावरचं गाणं ती आत्याला मोबाईलवर लावून देते. रोज. "स्वतःचा आवाज ऐकला की शांत होतात. म्हणतात पण त्याच्याबरोबर. तेवढं तरी चांगलं केलंस बाबा."

एवढ्या दिवसांत कुणीतरी चांगलं म्हटलं. रोज ऐकणारं एक तरी माणूस! मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

५ डिसेंबर

तीन हात नाक्यावर उभा राहिलो. कुठे जायचं ते आठवेना.

११ डिसेंबर

दर्शनाची हळद. डीजे नाही, मांडव शांत. आत्याला खुर्चीत बसवलं, बायका भोवती. तिने डोळे मिटले आणि सुरू केलं — नवरीपासून.



नवरीची ओळ चारदा. लागोपाठ. मग गप्प. बायकांना वाटलं विसरली. नाही. बोटाने गुडघ्यावर ठेका धरून ती थांबलेली — जिथे माझा ड्रम येतो तिथे. मोकळी जागा सोडत होती त्याच्यासाठी! आणि बरोबर मापात परत उचललं. विमलाबाई म्हणून शेजारची म्हातारी पुटपुटली, "आगं, देव ऱ्हायलं की." तिचं कुणी ऐकलं नाही. पोरींना ठेका सापडलेला. त्या मोकळ्या जागेत टाळ्या मारायला लागल्या. मग काकू, मग सगळ्याच. अख्खा मांडव नाचला. स्पीकर नाही, काही नाही. मला हवं होतं ना, हेच हवं होतं.

काळुराम काका खांबाला टेकून, हात जोडून, डोळे मिटून उभा होता. भावाच्या नावाची वाट बघत. देव आले एकदाचे, सगळ्यात शेवटी, आणि आत्या थांबली. संपलं. काकाने डोळे उघडले.

नंतर माझ्याजवळ आला. "मारुतीला बोलावलंच नाय रं तिनं."

मी म्हटलं, वय झालंय काका तिचं.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मलाच धीर देत होता.

१२ डिसेंबर

दर्शनाचं लग्न. गेलो नाही.

१४ डिसेंबर

आत्याकडे गेलो, मूळ रेकॉर्डिंग घेऊन, न कापलेलं. तिच्या कानाला हेडफोन लावला. देव, मग गेलेले, मग बाबा, मग नवरी. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवत. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"कोन रं ही बाई, बाला? समदं चुकते."