ब्रेकचा बॅलन्स, सासूबाईंसकट

३ फेब्रुवारी
निर्णय झाला. लेकीची ड्रायव्हिंग टेस्ट आपल्याच गाडीवर. तिला मातीपरीक्षणाच्या फिरत्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे. व्हॅन स्वतः चालवत गावोगाव जायचं, म्हणून महिनाअखेरपर्यंत लायसन्स हवं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीची सवय आहे, तिच्यावरच टेस्ट देते म्हणत होती. मी म्हटलं, घरात गाडी असताना दुसऱ्याची कशाला? गाडी वयस्कर आहे हे मान्य. ब्रेक जरा विचार करून लागतात. ते मी बघतो.
संकल्प: ब्रेक अपग्रेड. इंजिनाला हात लावायचा नाही. (मागच्या वेळचं बायको अजून काढते.)

५ फेब्रुवारी
व्हिडिओ बघितले. विषय सोपा आहे, लोक उगाच अवघड करून ठेवतात. गॅरेजवाल्याकडे एका मोठ्या गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क पडून होत्या. आपल्या गाडीला बसतील का विचारलं. म्हणाला, बसवू की. हा माणूस कशालाच नाही म्हणत नाही. मला अशी माणसं आवडतात.

९ फेब्रुवारी
पुढचे ब्रेक बसले. लगेच चाचणी. मी चालवत, बायको शेजारी, सासूबाई मागे. गाडी निघाली की सासूबाई बसतातच. कुठे जायचं ते विचारतही नाहीत.
चौकात ब्रेक दाबला. गाडीने नाक खाली घातलं आणि सासूबाईंनी माझ्या सीटवर. चष्म्याची काडी वाकली. बायकोने घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही, घरी आल्यावर मिटलं नाही.
चाचणी यशस्वी. फक्त मागची चाकं काहीच करत नाहीत. सगळा भार पुढच्यांवर आणि मागच्यांची मजा. आमच्या स्टोअर्स डिपार्टमेंटमध्ये हेच चालतं.

१० फेब्रुवारी
मागेही डिस्क टाकायच्या. चांगल्या दणकट. शिवाय पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकचं प्रेशर वाटून देणारा एक व्हॉल्व्ह मिळतो. त्याला नॉब असतो. फिरवला की मागे कमी-जास्त. ड्रायव्हरच्या हाताशी बसवून घेणार. घरात एक तरी गोष्ट माझ्या हातात असावी.
लेक म्हणाली, बाबा, आता राहू द्या, मला प्रॅक्टिस करायची आहे. मी म्हटलं, धीर धर.

१५ फेब्रुवारी
नॉब बसला. सुंदर दिसतो.
मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकली तर गाडीची शेपटी फिरते. हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच सेटिंग शास्त्रशुद्ध केलं. सासूबाईंना मागे, बरोबर मध्ये बसवलं. रस्त्यावर पुन्हापुन्हा ब्रेक मारत, नॉब थोडा थोडा फिरवत गेलो. मागे वजन असलं की चाकं रस्ता धरून राहतात, त्यामुळे मागचं प्रेशर बरंच वाढवता आलं. शेवटी गाडी अशी थांबली की सासूबाईंच्या मांडीवरची पर्स हलली नाही.
हिशोबासाठी त्यांना वजन विचारलं. जेवणाच्या ताटावर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. विज्ञानाला घरात किंमत नाही.

१६ फेब्रुवारी
बायकोची शंका: आई गाडीत नसली तर?
मी हसलो. आई गाडीत नाही, असं कधी झालं आहे?
ती म्हणाली, तसं नाही, समजा. मी म्हटलं, समजा-बिमजावर इंजिनिअरिंग चालत नाही.
नॉबवर रंगाने खूण करून ठेवली. इतर कुणी हात लावायचा नाही.

२० फेब्रुवारी
लेकीची प्रॅक्टिस. मी शेजारी, सासूबाई मागे. पोरीचा पाय हलका आहे. म्हणाली, ब्रेक खरंच छान लागतात. मला भरून आलं. दाखवलं नाही. ऑफिसात चौघांना सांगितलं. साहेब म्हणाले, आमच्याही गाडीचं बघा एकदा. आता सल्लागार म्हणून बाजूने काम सुरू करायला हरकत नाही. व्हिजिटिंग कार्डचा विचार.

२४ फेब्रुवारी, सकाळी
आज टेस्ट. घर सगळं निघालं आहे. मन शांत. नॉब खुणेवर.

२४ फेब्रुवारी, दुपारी
टेस्टच्या मैदानावर धूळ उडू नये म्हणून नुकतंच पाणी मारलं होतं. हे नोंदवून ठेवतो.
फाटकावर सांगितलं, गाडीत फक्त उमेदवार आणि टेस्ट घेणारे साहेब. बाकीचे खाली. मी साहेबांना बाजूला घेऊन समजावलं की या बाई प्रवासी नाहीत, ब्रेकिंग सिस्टिमचा भाग आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, आणि पुढचा नंबर पुकारायला सांगितला. तेव्हा सासूबाई उतरल्या. नॉब कमी करावा असं क्षणभर वाटलं. पण खुणेवर होता. खूण मीच केली होती.
पोरीने वळणं सुरेख घेतली. रिव्हर्स सुरेख. साहेबांनी अचानक ब्रेक म्हणताच ब्रेक दाबला. गाडीचं मागचं अंग पुढे निघालं. पूर्ण फिरून गाडी आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. काचेमागे साहेबांचा चेहरा पांढरा. पोरीचा बघवला नाही.
नापास.
गाडी थांबली किती कमी अंतरात, हे कुणी मोजलंच नाही.

२५ फेब्रुवारी
कारणं:
ओलं मैदान. साहेबांचं अपुरं वजन. ब्रेक सांगण्याची पद्धत.
लेकीला ऐकवली. ती माती चाळायची चाळणी पुसत होती. पहिल्या दिवशी न्यायची म्हणून आणलेली. वर न बघता म्हणाली, "बाबा, खरं सांगा. गाडी माझ्यासाठी तयार करत होतात, की मला गाडीसाठी?"
मी म्हटलं, असं कसं बोलतेस.

१ मार्च
ती रुजू झाली. फिरतीवर दुसऱ्याला घेतलं. हिला आतल्या खोलीत पाकिटांवर नंबर टाकायला बसवलं आहे. घरी येऊन मुकाट्याने जेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
व्हिजिटिंग कार्डं तूर्त नकोत.

१८ मार्च
लेक टेस्ट पास. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर. तारीख सगळ्यांना माहीत होती, मी सोडून. सासूबाईंनी सांगितलं, तेही लोणी मागताना.
हरकत नाही. पाया मीच घातला.

२० मार्च
सकाळी लेकीने गाडीची किल्ली मागितली. फिरतीच्या जागेसाठी प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना भेटायचं, आणि बस चुकली होती. मी उत्साहाने चालकाशेजारचं दार उघडलं. तिथे सासूबाई आधीच बसल्या होत्या. मागे पुन्हा बसणार नाही म्हणाल्या.
लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही मागे बसा. मध्ये. आणि हलू नका."
बसलो. पुढे झुकून नॉब थोडा कमी करतो म्हटलं. हात पोचला नाही. ती म्हणाली, मघाशीच कमी केला आहे, तरी तुम्ही मध्येच बसा, रिस्क नको.
गाडी फार छान चालवते. प्रत्येक सिग्नलला अलगद थांबली. मी एकदाही काही बोललो नाही. तिच्याबरोबर आत जायची इच्छा होती. तिने बोलावलं नाही. पार्किंगमध्ये सासूबाई घोरत होत्या, मी मध्येच बसून होतो.
बाहेर आली ती हसत. सोमवारपासून फिरती. व्हॅन नवी कोरी आहे म्हणे. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरंच आलं. म्हटलं, रविवारी घेऊन ये, त्या व्हॅनचा पुढचा-मागचा बॅलन्स एकदा मी...
तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बाबा, बेल्ट लावा."
लावला.