सहावा प्रतिसाद

शनिवार, १८ जानेवारी
सकाळचे साडेनऊ

चि. ठमीस,

मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा आपल्या जागी कुरकुरतो आहे. मामी बहिणीकडे गेली आहे, त्यामुळे चहात साखर किती घालायची हे सध्या माझं मीच ठरवतो. तुमच्याकडे थंडी कशी आहे? इथे दारं-खिडक्या गच्च लावून बसावं लागतं.

तुझी कालची मेल मिळाली. चारदा वाचली. शेवटी तू लिहिलं आहेस, "मामा, उत्तर देणार असशील तर एकसलग दे, तुकडे पाडू नकोस." म्हणून कॉम्प्युटरपुढे स्टूल ओढून बसलो आहे आणि संपेपर्यंत उठणार नाही.

तू त्या फोरमची ॲडमिन. घरातल्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या लोकांचा तो फड तू उभा केलास, आणि दुरुस्तीचं दुकान बंद करून खुर्चीत सुन्न बसलेल्या मामाला हाताला धरून तिथं नेलंस. त्यामुळे बोलायचा हक्क तुझा. माझ्या सवयींबद्दल तू जे लिहिलंस त्यातलं बरंचसं खरं आहे.

एक उत्तर मी सात प्रतिसादांत देतो, हे खरं. याला कारण आहे. सुरुवातीला मी एकदा मिक्सरच्या मोटरवर तासभर एका बोटाने लिहीत बसलो आणि शेवटी कुठलं तरी बटण दाबलं गेलं. सगळं गेलं! तेव्हापासून एक वाक्य झालं की पाठवून मोकळा होतो. शिवाय दुकानात तरी मी कुठं सलग बोलायचो? गिऱ्हाईक समोर उभं, माझे हात मशीनमध्ये, अधूनमधून एक वाक्य. तशीच सवय लागली. फोरमवरचे आपले ते सुतार म्हणालेच ना सगळ्यांसमोर, "पान्हेमामा, तुमची उत्तरं म्हणजे गळका नळ. थेंबथेंब पडतं आणि बादली काही भरत नाही." मी वर हसरा चेहरा टाकला. लागलं मात्र होतं.

जिथं कुणी विचारलेलं नसतं तिथंही मी बोलतो, हेही खरं. घरात बोलायला माणूस नसलं की जिभेला खाज सुटते.

म्हणून सोमवारी तू मला दिवसाला पाच प्रतिसादांची मर्यादा घातलीस, त्याचा मला राग नाही. "नियम म्हणजे नियम, मामा. भाचीची ओळख काढायची नाही," म्हणालीस. बरोबर बोललीस.

पण तुझ्या मेलमधलं तिसरं वाक्य. "एका बाईच्या मागे लागल्यासारखं दिसतंय, मामा. लोक मला विचारतायत."

ठमे, ते वाचून कान तापले माझे. बाई म्हणजे ती 'नवी भाडेकरू' नावाची, हे कळलं. तिच्या धाग्यावर बुधवारपासून रोज लिहिलं. खासगी निरोप नऊ पाठवले. तिने पूर्वी कधी पडद्याच्या दांडीबद्दल विचारलं होतं, बाळाच्या पाळण्याच्या स्क्रूबद्दल विचारलं होतं, ते जुने धागे उकरून तिथंही "ताई, आहेस का?" असं लिहिलं. बाहेरून बघणाऱ्याला ते कसं दिसत असेल ते मला कळतं. ती माझी सून असती तर असल्या माणसाच्या अंगावर मीही पान्हा घेऊन धावलो असतो.

तुला या आठवड्यात मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सांगायचं होतं. दोन्ही वेळा गुडघ्याबद्दल बोलून ठेवून दिला.

आता सांगतो. आधी घड्याळाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

गिझर, हीटर असं काही दुरुस्तीला आलं आणि मध्येच बंद पडत असलं, की आम्ही एक वायर 'डायरेक्ट' करून बघतो. म्हणजे मधला सेन्सर बाजूला ठेवायचा आणि दोन टोकं एकमेकांना जोडायची. तरीही बंद पडलं तर दोष दुसरीकडे. हे मिनिटभर करायचं काम. नंतर वायर पहिल्यासारखी झालीच पाहिजे, कारण तो सेन्सर राखणदार असतो. मला हे कुणी शिकवलं नाही. पोरवयात मी एकदा वायर तशीच विसरून आलो होतो, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून डायरेक्ट करण्याआधी मी मनगटावरचं घड्याळ काढून त्या वस्तूवर ठेवतो. वायर काढल्याशिवाय घड्याळ हातात घालायचं नाही. मनगट मोकळं लागलं की दारातूनसुद्धा परत फिरतो. पन्नास वर्षांत पुन्हा चूक झाली नाही.

मंगळवारी त्या पोरीने विचारलं, गॅसचा गिझर आंघोळीत मध्येच बंद होतो, घरमालक दाद देत नाही, बाळ लहान आहे, काय करू? मी लिहिलं, "सेन्सरच्या दोन वायरी डायरेक्ट करून बघ." कुठल्या वायरी, त्या कशा ओळखायच्या, सगळं नीट लिहिलं. मग पुढचं लिहायला घेतलं. की हे फक्त बघण्यापुरतं, लगेच काढ, आणि खिडकी उघडी ठेव.

पाठवायला गेलो, तर स्क्रीनवर आलं: "आजची मर्यादा संपली. उद्या भेटू."

तो सहावा होता.

आधीचे चार कुठं गेले ते ऐक. दोन सुतारांच्या स्टुलाची तारीफ करण्यात, एक मिक्सरवर, आणि एक विनोद. विनोदसुद्धा धड नव्हता.

तुला फोन करायला हवा होता. पण ओळख काढायची नाही म्हणाली होतीस, आणि खरं सांगायचं तर मी थोडा फुगलोही होतो. म्हटलं, सकाळी लिहू. तिच्याकडे स्क्रूड्रायव्हर तरी असेल का? इतक्यात कोण करतंय?

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. "काका, जमलं! आता एकदाही बंद पडत नाही. तुमचे उपकार विसरणार नाही." खाली हसणाऱ्या बाळाचं चित्र.

मग मी तिचा प्रश्न पुन्हा, या वेळी शेवटपर्यंत वाचला. शेवटची ओळ होती: "थंडीमुळे बाथरूमच्या खिडकीला पुठ्ठा लावलाय, त्याने काही होतं का?"

ठमे, तो सेन्सर खराब नव्हता. खोलीतली हवा बिघडली की गॅस तोडायचा, एवढंच त्याचं काम, आणि ते तो इमानदारीत करत होता. मी तिला त्याचे हात बांधायला सांगितले.

त्याच रात्री खासगी निरोप पाठवला, बुधवारी उठल्या उठल्या उरलेलं धाग्यावर लिहिलं. ती आली नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी नाही. रोज माझे पाच प्रतिसाद तिला हाका मारण्यात गेले. काल तू माझा आयडी बंद केलास आणि गोंधळ नको म्हणून माझे बुधवारपासूनचे सगळे प्रतिसाद उडवलेस. म्हणजे त्या पानावर आता फक्त माझा पाचवा आहे, आणि त्याखाली तिचे आभार.

हे तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तोंडून निघत नव्हतं ते याचसाठी. आणि दुसरंही एक आहे, तेही लिहून टाकतो. जोवर विचारत नाही तोवर ती पोरगी ठीक आहे. विचारलं आणि तू गप्प झालीस, तर? चार दिवस मी स्वतःच्याच घरात आंघोळीला दार उघडं ठेवतो.

ॲडमिनला प्रत्येकाचा फोन नंबर दिसतो ना? तिचा काढ. हे वाचून झाल्या क्षणी लाव. नियम राहू दे बाजूला, ओळख काढतो आहे मी, भाचीची ओळख. गॅस बंद, वायर काढ, खिडकी उघड, बाळाला आत नेऊ नकोस, याच क्रमाने सांग.

कामाचं सगळ्यात शेवटी आलं. पुन्हा तेच केलं मी. हे वर नेऊन टाकताना पुन्हा सगळं उडायचं, आहे तसं पाठवतोच.

मामा


रविवार, १९ जानेवारी
सकाळ

ठमे,

काल अर्ध्या तासात तुझा फोन आला आणि तू म्हणालीस, "मामा, उचलला तिने." त्यानंतर तू काय बोललीस ते मला पाचेक मिनिटं ऐकूच आलं नाही. मी स्टुलावरून खाली फरशीवर बसलो होतो. गुडघ्याने ब्र काढला नाही.

मग तू दुसऱ्यांदा सगळं सांगितलंस. चार दिवस आंघोळीनंतर तिचं डोकं ठणकत होतं. शुक्रवारी भिंतीला धरून खाली बसली. नवरा म्हणाला, अशक्तपणा आहे, जागरणं होतात बाळाची. तू फोन केलास तेव्हा बादली भरत होती. बाळाचे कपडे काढून झाले होते.

ते कपड्यांचं तू सांगायला नको होतंस. नाही, बरं झालं सांगितलंस.

आणि तू रडलीस. "मर्यादा मी घातली, मामा, उडवलेही मीच." वेडे, दार तू लावलंस, पण आत आग ठेवून बाहेर पडलो तो मी. धोक्याचं आधी सांगायचं आणि युक्ती नंतर, एवढं पन्नास वर्षांत हाताला कळलं, बोटाला कळलं नाही. माझा आयडी इतक्यात उघडू नकोस. उघडशील तेव्हा दिवसाला एकच प्रतिसाद दे. एकात बसेल एवढंच बोलायला शिकतो.

पण आज सकाळी पाहुणा म्हणून ते पान बघितलं. तू माझा पाचवा प्रतिसाद काढलास, ते बघितलं. पान रिकामं, स्वच्छ. फक्त खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत अजून लिहिलेलं आहे: वाचने ४१२.

एकीचा नंबर होता, तिला गाठलं. बाकीचे चारशे अकरा कोण, ठमे? काही मीच असेन, पुन्हा पुन्हा बघणारा. काही तू. पण थंडीचे दिवस आहेत, गिझर सगळीकडे बंद पडतात, आणि "पान्हेमामाने सांगितलंय" म्हणून कुणीतरी वायरी जोडून, धन्यवादसुद्धा न लिहिता निघून गेला असेल. त्याला मी कुठं शोधू?

म्हणून पान असं पुसून ठेवू नकोस. माझं चुकलेलं पुन्हा लाव, त्यावर लाल रेघ मार, आणि फोरमच्या अगदी वर, पहिलं काही दिसेल तिथं, माझ्या नावानिशी लिही की हा सल्ला चुकीचा होता, ज्याने केला असेल त्याने आत्ता वायर काढावी. सुतार हसले तर हसू दे. हसता हसता चार जणांना सांगतील तरी.

मामी परवा येते आहे. तिने काल फोनवर विचारलं, "घड्याळ बंद पडलंय का तुमचं? वेळ मला कशाला विचारताय?"

ते मंगळवारपासून टेबलावर आहे. चालू आहे. मनगट मोकळं आहे.

तुझा,
अजून दारातून परत फिरणारा
मामा