दोन हजार चारशेचा रिफंड

खर्डा, २१ डिसेंबर

प्रिय सम्राट,

प्रज्ञा राग धरून बसत नाही, असं तू वर्गात सगळ्यांना सांगायचास. चुकीचं सांगायचास. सप्टेंबरपासून मी दुसरं काही केलेलंच नाही.

मागच्या वर्षी तू सदतीस जणांकडून पॅन आणि आधारच्या झेरॉक्स गोळा केल्यास, सह्यांसकट. सुप्याला कारखाना बघायला जायचंय, गेटपासला लागतात, म्हणालास. आम्ही बी.कॉम.ची पोरं. करांच्या पेपरात कलमं घडाघडा लिहायचो, पण कमवत नाही त्याचा इन्कम टॅक्सशी काय संबंध, इतकीच आमची अक्कल. पॅनकार्ड म्हणजे ओळखीचा आणखी एक कागद. कारखाना काही कुणी पाहिला नाही. तू वडापाव खाऊ घातलास आणि आम्ही विसरून गेलो.

मग जूनमध्ये हॉस्टेलच्या पायरीवर लॅपटॉप मांडून बसलास आणि सगळ्यांचं रिटर्न फुकट भरून दिलंस. आम्ही रांगेत उभं राहून तुला ओटीपी सांगितले. प्रत्येकाला दोन हजार चारशे रुपये रिफंड आला. आधी कापलेलं असेल तेच परत येतं, आणि कापायला आधी कमवावं लागतं, हे एकालाही सुचू नये? आपल्या वर्गातला योहान म्हणाला, सरकारनं विद्यार्थ्यांसाठी नवी योजना काढली असंल. मी त्या पैशांत आईला चपला घेतल्या आणि तुझ्या हुशारीवर पुन्हा एकदा भाळले.

माझा शहाणपणा तर बघ. पुण्याच्या एम.कॉम.साठी शिष्यवृत्तीचा अर्ज केला, त्याला ते रिटर्न मी आपणहून जोडलं. कुणी मागितलं नव्हतं. वाटलं, सरकारी कागद आहे, वजन पडेल. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, पोरी, तू तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार कमवतीस की, मग इथं कशाला आलीस? आईचं अंगणवाडीतलं मानधन धरून घरचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं. अर्ज बाद झाला, प्रवेश गेला. त्या कागदावर पैसे देणाऱ्याचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. तुझा मामा, लेबर कॉन्ट्रॅक्टर. म्हणजे मी वर्षभर सुप्याला त्याची पोती उचलत होते! न दिलेली मजुरी त्यानं खर्चात दाखवली, आणि आमच्याच हातून रिटर्न भरून घेऊन तू ती खरी करून दिलीस. सदतीसांत तुझं पॅन नव्हतं, हेही नंतर कळलं.

फोनवर तू म्हणालास, एवढं काय मनाला लावून घेतीस, पैसं आलं ना तुला? त्या दिवशी मी तुला शिव्याशाप दिले नाहीत. नगरला करसल्लागार क्रिस्टीना मॅडमकडे नोकरी धरली. तुझी शाळा मला तुझ्यापेक्षा चांगली शिकायची होती. दिवाळीनंतर दर रविवारी वर्गातल्या चारपाच जणांना बोलावलं. हे उत्पन्न आमचं नाही, असं प्रत्येकानं आयकराच्या पोर्टलवर स्वतःच्या हातानं नोंदवलं, सुधारित रिटर्न भरलं आणि रिफंड परत केला. पंकजनं त्यासाठी शिर्डीच्या हॉटेलात पंधरा दिवस भांडी घासली. तो तुझ्याबद्दल विचारत होता.

काल तुझी आई, भागिरथीमावशी, पेढे घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. आमच्या त्या नोंदींवरून मामाला आयकराची नोटीस आल्याचं त्यांनीच सांगितलं, आणि त्याच दमात आपल्या लग्नाचं काढलं. घरची सून झाल्यावर घराविरुद्ध कशाला बोलंल ती, असं माझ्या आईला म्हणाल्या. आईनं उत्तर माझ्यावर सोडलं, म्हणून हे पत्र. आयकर खात्याकडे द्यायचा माझा तक्रारअर्ज महिनाभर लिहून तयार होता. फक्त रिटर्न कुणी भरून दिलं, तेवढी जागा मी कोरी ठेवली होती. मामा बुडावा आणि तू वाचावास, असं वेड्यासारखं वाटायचं मला. तू मागणी घातली असतीस, तर या वर्षाच्या सुरुवातीला मी नाचत हो म्हटलं असतं. आज सकाळी त्या जागेत तुझं पूर्ण नाव लिहिलं, मोबाईल नंबर लिहिला आणि अर्ज स्पीड पोस्टानं पाठवून आले. मावशींना सांग, पेढे गोड होते.

तुझ्याविरुद्ध पहिली सही करणारी, तुझीच
प्रज्ञा