हल्ली हे ‘जातो’ म्हणतात

मंगळवार, ४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता बरा आहे ना? इथली खबर सांगते, हसू नकोस. पंधरा दिवस झाले, हे दुकानात निघताना ‘जातो’ म्हणतात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, घड्याळदुरुस्तीचं दुकान चार पावलांवर, तरी ‘येतो गं’ ऐकल्याशिवाय मी कधी कडी लावली नाही. आता सरळ ‘जातो’! पहिल्या दिवशी वाटलं, चुकून आलं तोंडात. दुसऱ्या दिवशीही तेच.

शिवाय मंगळवार-शुक्रवार तीन वाजता दुकानाचं शटर खाली. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. कुठे म्हणून विचारलं तर नुसते बघतात. घरात तोंडाला कुलूप. काल चिडून विचारलंच, मला कंटाळलात का? माझ्याकडे बघून चक्क ‘हो’ म्हणाले. ताई, मग मीही यांना नाही नाही ते बोलले गं.

लोभ आहेच, पण उत्तरही लवकर येऊ दे.

तुझी धाकटी

शनिवार, ८ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही. आपली निरोपाची रीतच उफराटी. निघालेला माणूस ‘येतो’ म्हणतो. पाहुणे दोन तास बसून ‘बसत नाही आता’ म्हणतात, आणि आपण ‘आलात काय, चाललात काय’ म्हणत मनातल्या मनात त्यांच्या चपला सरळ करतो. आमच्या शाळेतली कारकूनबाई ‘भेटू सोमवारी’ म्हणून गेली, ती बदली घेऊनच. सगळं खोटं, पण त्या खोट्यावर घरं चालतात. म्हणून सांगते, माणूस एकदम खरं बोलायला लागला की सावध व्हावं. भावोजी तसे नाहीत, असं लिहिणार होते. पण साध्या माणसांचाच थांग लागत नाही.

रडत बसू नकोस. मंगळवारी पायात चपला घाल आणि मागोमाग जा.

माया आहे तशी ठेव, डोळे मात्र उघडे ठेव.

तुझी ताई

गुरुवार, १३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मंगळवारी मी यांच्या मागोमाग गेले. बाजार ओलांडून हे एका दोनमजली इमारतीत शिरले. मी जिन्याखाली उभी. वरून बाईचा आवाज, मग यांचा, मग तिचं हसणं. तरातरा चढले आणि दार ढकललं. टेबलावर चित्रांचे पत्ते मांडलेले, समोर चष्मा लावलेली एक तरुण बाई, आणि हे कंगव्याचं चित्र हातात धरून घामाघूम. ‘कंगवा’ हा शब्द येत नव्हता.

बाई आजारानं वाचा बिघडलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवतात. त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग सांगितलं. मागच्या महिन्यात यांना दुकानात भोवळ आली होती. शेजारच्या चष्मेवाल्यानं दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्ताची बारीक गाठ. हात शाबूत राहिले, शब्द विस्कटले. मनात एक असतं, तोंडातून पुष्कळदा उलटंच पडतं. येतोचं जातो. नाहीचं हो. ताई, त्या एका ‘हो’वरून मी यांना काय काय बोलले होते!

मला का नाही सांगितलं, हे यांच्याकडून कळायला अर्धा तास गेला. एका गिऱ्हाइकाला सव्वानऊचे पावणेनऊ सांगितले, तो हसला. घड्याळवाल्यालाच वेळ सांगता येईना म्हटल्यावर दुकानात कोण येणार? आणि मला कळलं तर मी दुकान बंद करायला लावीन, ही धास्ती. बाई म्हणतात, सहा महिने सराव हवा. बरंच परत येईल, कदाचित सगळं नाही.

कालपासून मी दुकानात बसते. सकाळी एक आजोबा भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. कधी मिळेल म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार तोच यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दाबला. आजोबा थांबले. यांचे ओठ दोनदा हलले, आवाज नाही. कान लाल झाले. मग म्हणाले, सोमवारी. यांनी आधीच लिहून ठेवलेल्या पावतीकडे मी हळूच पाहिलं. सोमवारच लिहिला होता.

बाकी समक्ष. आता तूच ये, आणि चांगली आठ दिवस राहा.

तुझी धाकटी