तुटक रेषा

सोमवार, २
वाचनालयात मुलांचं शिबिर. विषय : ‘माझं घर, माझी मोकळीक’. आपल्या घराचा नकाशा काढायचा आणि त्यातच नाटक करायचं. शिकवणार एक नाटकवाला! आर्किटेक्ट इथे दोन गल्ल्या सोडून बसलाय, पण विचारतो कोण. असो. मला काही वाटत नाही. आमची ठकू (वय आठ) जाणार आहे.

मंगळवार, ३
जेवताना ठकूचं सर-पुराण. सर जमिनीवर लोळतात. सरांना भिंती आवडत नाहीत. मग छप्पर काय सरांच्या डोक्यावर ठेवायचं, असं मी विचारलं. बायको म्हणाली, जळका वास येतोय कसला तरी. उठून गॅस पाहिला. बंद होता.

बुधवार, ४
संकल्प : मत्सर करायचा नाही. नुसती पाहणी म्हणून शिबिरात डोकावलो. नाटकवाल्याची पँट ढगळ, अंगाखांद्यावर पोरं. ठकू पाठीवर. माझ्या पाठीवर शेवटची कधी बसली होती, आठवेना. माझी पाठ नाजूक आहे, हे तिला कळतं. गुणी पोर.

गुरुवार, ५
दिवसभर हॉलमधल्या टेबलावर काम. घरात दोन माणसं वावरतात, पण चाहूल नाही. याला म्हणतात प्लॅनिंग. नाटकवाल्याने येऊन बघावं.

शुक्रवार, ६
विजय! शिबिराच्या भिंतीवर ठकूचा नकाशा. तिच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत, माझ्या टेबलाला वळसा घालून, चक्क तुटक रेषा! आमच्या धंद्यात तुटक रेषा म्हणजे डोक्यावरची वस्तू. माळा, तुळई वगैरे. हे तिला नाटकवाल्याने शिकवलं? खाण तशी माती! त्याला गाठून सगळं समजावून सांगितलं. तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, उद्या प्रयोगाला नक्की या. खचला बिचारा.

शनिवार, ७
प्रयोग. पहिली रांग. जमिनीवर खडूने ठकूचा नकाशा. शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, तुटक रेषेकडे लक्ष ठेवा.
ठकू आली. चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत गेली. रेषेच्या एकेका तुकड्यावर एकेक चवडा. मग लोकांना कुजबुजत सांगितलं, बाबा घरी असला की आम्ही असं चालतो. आईपण.
लोक हसले. गृहस्थ सगळ्यांत जोरात. मीही हसलो, जरा उशिरा.
मग कुणीतरी ओरडलं, बाबा गेला! पोरांनी पायांनी रेषा पुसून टाकली आणि धिंगाणा घातला. नाटकवाला मधोमध लोळत होता, ठकू त्याच्या पोटावर. जळलो. त्या जागी मला लोळायचं होतं.

रविवार, ८
संकल्प : घर मोकळं करणार. टेबल कोपऱ्यात सरकवलं. ठकूला म्हटलं, आजपासून कुठूनही जा, धावत जा, उड्या मार. तिने आधी आईकडे पाहिलं. मग मला विचारलं, बाबा, तू बाहेर चाललायस का?
हो म्हणालो. काय करणार.
जिना उतरतोय तोच वर धाडधाड सुरू झाली. खालच्या पायरीवर बसून बराच वेळ ऐकली. छान धावते.
परत वर जाताना चपला हातात घेतल्या.